गोठ्यातला पंक्तिप्रपंच

दादा,

तुझ्या शोकसभेत माझं नाव पुकारलं आणि मी उठलो नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या पोरीला वाटलं, सख्खा भाऊ आहे, भरून आलं असेल. तिनं हळूच पुढचं नाव घेतलं. शेजारी बसलेल्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला भरून आलं नव्हतं. माझ्या आधी जे गृहस्थ बोलले, त्यांच्या एका वाक्यानं माझे पाय धरून ठेवले होते.

ते तुझ्या संस्थेतले जुने सहकारी. तुझ्यावर त्यांचा खरा जीव. म्हणाले, असा शिस्तीचा रसायनशास्त्रज्ञ आम्ही पाहिला नाही. एखादा आकडा याच्या हातून निघाला की तो पुन्हा तपासायची गरज नसे. मग अगदी मायेनं म्हणाले, की उभ्या नोकरीत एकदाच, त्या वासरांच्या चाचणीत, याच्याकडून घाई झाली. पण ती चूक यानं स्वतः उभं राहून कबूल केली, आणि एवढा मोठेपणा किती जणांत असतो. लोकांनी माना हलवल्या. पहिल्या रांगेत वहिनी होत्या, त्यांच्याजवळ रश्मी. तुझ्या लेकीनंही मान हलवली.

ती चूक तुझी नव्हती, माझी होती. तुला ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तिसऱ्या कुणाला नाही. आता तू गेलास. मी गप्प राहिलो, तर तुझ्याबद्दल तेवढंच एक खोटं खरं म्हणून राहील, आणि तेही तुझ्या स्वतःच्या घरात.

या स्मृतिअंकासाठी तुझ्या आठवणी लिहून द्या, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा आधी नाही म्हणालो. तुला माहीत आहे, मी बोलणारा माणूस नाही. लग्नाच्या आहेरावर नाव लिहितानाही मला विचार करावा लागतो. पण आता लिहायला बसलो आहे, तर सगळंच लिहितो. आणि नुसती कबुली देऊन उठणार नाही. तसं केलं, तर ती पुन्हा माझीच गोष्ट होईल. तुझे आभार मानायचे राहिलेत.

शनिवार आठवतो. नागपूरच्या संस्थेतून वर्ध्याला घरी परतताना तू मध्येच सिंदीला उतरायचास. वहिनींना सांगून ठेवलेलं असायचं, की आज मुक्काम गावी. मी स्टेशनबाहेर मोटरसायकल घेऊन उभा. तू मागे बसलास की तुझ्या शर्टाचा वास यायचा, पेट्रोलसारखा. सरकीतलं तेल ज्या द्रावकानं काढता त्याचा तो वास, हे तू मला समजावून सांगितलं होतंस. मायला समजावणं जमलं नाही. ती दारातच अडवायची, "काय रे, संस्थेत जातं का पंपावर? आंघोळ कर आधी, मंग देवाले हात जोड." तू हसत न्हाणीकडे जायचास.

गावासाठी तू डॉक्टरसाहेब. नावापुढे डॉक्टर लागलं, म्हणजे इलाज आलाच. गुलाबकाका एकदा सकाळीच ओसरीवर येऊन बसले.

"डॉक्टरसाहेब, बैल लंगडून राह्यला."

"काका, मी त्या कामाचा डॉक्टर नाई."

"मंग कोण्या कामाचा हाय?"

"सरकीचा."

गुलाबकाकांनी जरा विचार केला. "सरकीले काय झालं?"

तू चप्पल घालून त्यांच्या मागे गेलास. खुरात काटा होता. चिमट्यानं काढलास. झालं, त्या दिवसापासून गावात तुझं नाव जे झालं ते कधी पुसलं गेलं नाही. अगदी आता, तू गेल्याचं कळल्यावर, एक बाई मला म्हणाली, आपला ढोराचा डॉक्टर गेला. मी दुरुस्त केलं नाही. तुलाही आवडलं असतं.

वर्ध्याला, सिंदी मेघेच्या घरात (आपल्या स्टेशनची सिंदी वेगळी), तू वेगळाच असायचास. वहिनींची सकाळची शाळा, म्हणून रश्मीच्या वेण्या तुझ्याकडे. दोन वेण्या सारख्या जाडीच्या व्हाव्यात म्हणून तू आधी भांग डोळ्यांसमोर धरून बघायचास, एखादी काचनळी बघावी तसा. पोरगी वैतागायची. पण रविवारी गोळाभात करायला उभा राहिलास की काहीच मोजायचा नाहीस. चण्याची डाळ मुठीनं, तिखट अंदाजानं. मी एकदा विचारलं, की एवढा मोजणारा माणूस तू, स्वयंपाकात काऊन नाही मोजत? म्हणालास, "लेका, इथं चुकलं तं खाऊन टाकता येते."

प्रयोगशाळेत तसं नव्हतं. तिथलं चुकलेलं खाऊन टाकता येत नाही, हे मी तुझ्यामुळे शिकलो. म्हणजे तुझ्या जीवावर शिकलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरकीत एक पिवळं द्रव्य असतं, गॉसिपॉल. तेल काढल्यावर जी ढेप उरते, तिच्यातही ते उरतं. मोठी गाय-म्हैस ते पचवते. वासराला ते बाधतं, कोंबडीला बाधतं. आपल्या भागात कापूस मुबलक, ढेप मुबलक, आणि वासरांच्या तोंडी मात्र ती घालता येत नाही. दादाला हे लहानपणापासून खटकायचं. ढेपेतलं ते विष स्वस्तात बांधून टाकायचं, शेतकऱ्याला घरी करता येईल अशा रीतीनं, हे त्याच्या नोकरीतलं मुख्य काम. हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, आणि चुन्याची निवळी, एवढ्यावर त्यानं ते जमवलं होतं. काचनळीत जमलं होतं. आता ते वासरांवर पाहायचं होतं.

पहिली चाचणी आपल्या गोठ्यात करायची, असं तू ठरवलंस. संस्थेत तुला कुणी तरी विचारलं, की तिकडे रोज लक्ष कोण ठेवणार? तू म्हणालास, माझा भाऊ आहे, तिकडची चिंता नाही. हे तू मला सहज सांगितलंस, मोटरसायकलवर, माझ्या खांद्यामागून. तुला कल्पना नसेल त्याचं मला काय झालं. बारावी सायन्सला नापास झालेला मी. तू पुस्तकं घेऊन नागपूरला गेलास आणि मी गोठ्यात राहिलो. त्याबद्दल कुणी मला कधी टोचलं नाही, तू तर कधीच नाही. पण तुझ्या कामात माझा हात लागणार, हे त्या दिवशी पहिल्यांदा घडत होतं.

वासरांच्या दोन ओळी केल्यास. एकाच छपराखाली, समोरासमोर. हवा, पाणी, कडबा दोन्हींना सारखं. पहिल्या ओळीला नेहमीचा खुराक, त्यात तुरीची चुणी, म्हणजे डाळ भरडताना उरतो तो चुरा. दुसऱ्या ओळीला चुणी नाही, तिच्या जागी तू धुतलेली, वाळवलेली ढेप. कोणतं वासरू कोणत्या ओळीत, यासाठी चिठ्ठ्या टाकल्यास. रश्मी तेव्हा पहिलीत होती. तिनं चिठ्ठ्या उचलल्या. भुरी दुसऱ्या ओळीत गेली.

भुरी म्हणजे ती कालवड, जिची आई साप चावून मेली होती. बाटलीनं दूध पाजून मी तिला जगवलं होतं. मी म्हटलं, दादा, हिला तेवढी इकडे घेऊ. तू म्हणालास, "एकदा चिठ्ठी निघाली का बदलायची नाई. बदलली तं मंग मले पाह्यजे तेच उत्तर मी काढीन."

बरोबरच होतं ते. आजही बरोबर आहे.

पण आपल्या गोठ्यात मायचा कायदा होता. तुला मी सांगायला नको, पण वाचणाऱ्यांना सांगतो. आमच्या घरी पंगतीला बसला तो घरचा. कापूस वेचायला आलेली बाई असो की सोयरा, ताटात तेच आणि तेवढंच. एकाला तूप आणि शेजाऱ्याला कोरडं, हा पंक्तिप्रपंच मायला पाप वाटायचा. तिनं तो कायदा गोठ्यालाही लावला होता. दुभत्या गाईला जास्त द्यायचं ना, मग तिला सोडून बाहेर ने, भिंतीआड घाल. "दुसरीच्या डोयासमोर घालू नको. तिलेबी दिसते."

चाचणीच्या वेळी माय जाऊन वर्षच झालं होतं. माझं लग्न व्हायचं होतं. घरात मी एकटा, आणि समोर ती दोन ओळींतली वासरं. पहिल्या ओळीच्या गव्हाणीत चुणी पडली की दुसऱ्या ओळीच्या माना वर व्हायच्या. ती तुझी ढेप त्यांना आवडत नव्हती, दादा. हिराकसाचा वास यायचा तिला, भिजलेल्या लोखंडासारखा. थोडी चाटायची आणि समोर बघत राहायची. भुरीच्या बरगड्या दिसायला लागल्या. मी काही दिवस तोंड फिरवून चुणी घातली. मग एका सकाळी भुरीपुढे मूठभर टाकली. तिच्या शेजारचं वासरू बघत होतं. त्यालाही टाकली. मग राहिलेल्यांनी काय पाप केलं होतं? दुसऱ्या दिवसापासून दोन्ही ओळींना बरोबरीनं चुणी जायला लागली. आणि गंमत अशी, की चुणी मिसळल्यावर ती ढेपही चाटूनपुसून खाऊ लागली.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याला आतून ठाऊक होतं. काही ठाऊक नव्हतं. मला फक्त बघवत नव्हतं.

दर रविवारी तू फीत घेऊन यायचास. छातीचा घेर मोजायचास, रश्मी आकडा मोठ्यानं म्हणायची. दुसरी ओळ पहिलीच्या बरोबरीनं वाढत होती. तुझा चेहरा मी विसरू शकत नाही. तू उगाच भुरीच्या कपाळाला खाजवत उभा राहायचास. एकदा तर वहिनींना घेऊन आलास, वासरं दाखवायला, जसं काही सून पसंत करायची होती. वहिनी पदर सावरून शेणातून उड्या मारत आल्या आणि म्हणाल्या, "झालं का पाहून? तुमची कालवड माह्यापेक्षा गोरी हाय." किती हसलो आपण. त्या हसण्यात सांगून टाकायला हवं होतं. तेव्हा ते सोपं होतं. तू रागावला असतास, पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या असत्या, संपलं असतं.

मी सांगितलं नाही. तू इतका आनंदात होतास, आणि मी त्या आनंदाचा मालक होतो. एवढंच कारण. दुसरं मोठं कारण शोधून सापडत नाही.

मग ती मोठी चाचणी झाली, दुसरीकडे, पुष्कळ वासरांवर. तिथं कुणी मुठीनं काही टाकणारं नव्हतं. वासरं खाईनात, वाळत गेली, एक तर उठेनासं झालं. चाचणी थांबली. तुला वरिष्ठांसमोर उभं केलं.

तू आठवड्याच्या मधल्याच दिवशी गावी आलास. स्टेशनवरून चालत. मी गोठ्यात होतो. पिशवी खाली न ठेवताच तू विचारलंस, "खरं सांग, दुसऱ्या ओळीले ढेपीशिवाय काई गेलतं का?"

मी म्हणालो, "नाई. तू सांगतलं तेच."

तू गव्हाणीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, चहा टाक. चहा पिताना तू कापसाचं विचारलंस, विहिरीच्या पाण्याचं विचारलंस. दुसऱ्या दिवशी संस्थेत जाऊन तू सांगितलंस, की घरची चाचणी भरवशाची नव्हती, निरीक्षणात चूक झाली, जबाबदारी माझी.

पुढची वर्षं तू दुसऱ्यांच्या तेलाचे नमुने तपासण्यात घालवलीस. सकाळी बाटल्या यायच्या, संध्याकाळी आकडे जायचे. तुझ्या मागून आलेले पुढे गेले. मी वाट बघायचो, की कधी तरी तू माझ्यावर चिडशील. तू शनिवारी सिंदीला उतरत राहिलास. माझ्या नि सुनीताच्या लग्नात तू वऱ्हाडाला पाणी वाढलंस. सुनीताच्या पहिल्या बाळंतपणात, ती दवाखान्यात अडली होती तेव्हा, बाहेरच्या बाकावर तू माझ्याजवळ बसून राहिलास आणि मला आवर्तसारणी समजावून सांगत बसलास. मी म्हटलं, दादा, आत्ता? तू म्हणालास, आत्ताच. डोकं कशाला तरी बांधून ठेव. मुलगी झाली तेव्हा आपण दुसऱ्या ओळीच्या मूलद्रव्यांवर होतो.

या सगळ्याचे आभार मी कधी मानले नाहीत. ज्याचं आपण नुकसान केलं त्याचे आभार मानायला तोंड उघडत नाही. उघडलं तर बाकीचंही बाहेर येईल, ही भीती.

रश्मी बारावीत असताना तू पुन्हा उभा राहिलास. नमुने तपासून उरलेल्या वेळात तू वाचत होतास, आकडेमोड करत होतास, हे मला नंतर कळलं. एका शनिवारी तू भलताच बोलत आलास. चहा निवला तरी तुझं थांबेना. ते पिवळं द्रव्य बांधलं जातं ते खरं, तू म्हणालास, पण ते जाता जाता सरकीच्या प्रथिनातला एक घटक धरून बसतं. लायसिन. तो नसला की वासरू खाऊनही वाढत नाही. म्हणजे विष काढणं पुरेसं नाही. जे गेलं ते भरून द्यायला हवं. आणि ते भरून निघेल अशी स्वस्त गोष्ट आपल्या दारात आहे.

मला कळलं होतं तू काय म्हणणार ते.

"तुरीची चुणी," तू म्हणालास. तीत लायसिन भरपूर असतं.

मग तू उठून गोठ्यात गेलास. मी मागून आलो. भुरी तेव्हा म्हातारी झाली होती, पाच-सहा वेतं झालेली. तिच्या पाठीवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता, तू विचारलंस, "त्या वेळेस चुणी गेलती का रे यायले?"

किती सोपं करून विचारलं होतंस. आवाजात राग नव्हता. उलट, मी हो म्हणालो असतो तर तुझी जुनी चाचणी खोटी न ठरता अर्धी खरी ठरली असती. तुला एक हो हवा होता. आणि मी, लग्न झालेला, पोरांचा बाप झालेला, गावात चार लोक ज्याला विचारून पेरणी करतात असा माणूस, म्हणालो, "नाई."

तू हात काढला नाहीस. "बरं," म्हणालास. "या वेळेस दोघायलेही घालजो."

त्याचा अर्थ मला रात्रभर लागत राहिला. तू नवी चाचणी पुन्हा माझ्याच गोठ्यात करणार होतास. जो तुझ्याशी दोनदा खोटं बोलला, त्याच्या हाती. आणि या वेळी तू ती अशी आखली होतीस, की दोन्ही ओळींना चुणी जाणारच होती. एका ओळीला चुणी आणि जवसाची ढेप, दुसरीला चुणी आणि तुझी ढेप. कुणाच्या डोळ्यांसमोर कुणाचं काही कमी नव्हतं. मायचा कायदाही मोडत नव्हता, तुझं शास्त्रही. माझ्यात जी खोड होती ती काढायच्या मागे तू लागलाच नाहीस. तिला जागा करून दिलीस.

ती चाचणी खरी निघाली. मोठीही खरी निघाली. आज तालुक्यात काही घरांत वासरांना तशी ढेप घालतात. फार नाही, पण घालतात. तुझा लेख छापून आला, त्याच्या शेवटी जनावरांची निगा राखल्याबद्दल माझं नाव घालून आभार मानले होतेस. तू तो लेख मला दिलास, मी कपाटात ठेवला आणि पुन्हा उघडला नाही. आभार तू मानलेस, दादा. मी नाही.

शोकसभेनंतर चार-सहा दिवसांनी मी सिंदी मेघेला गेलो. दुपार होती. रश्मी नागपूरला परत जायच्या तयारीत होती. तीही रसायनच शिकवते, हे या अंकाच्या वाचकांना माहीत असेल. वहिनी तुझे कपडे घडी करत होत्या. मी सगळं सांगितलं. मधे पाणी प्यायलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

रश्मीनं विचारलं, "काका, दुसऱ्या ओळीलाही? रोज?"

"रोज. बरोबरीनं."

"म्हणजे उत्तर तेव्हाच आलं होतं." ती हे मला सांगत नव्हती, फळ्याकडे बघून बोलावं तसं बोलली. मग तिचा आवाज बदलला. "बाबांनी ते पुन्हा शोधलं. तुम्ही एक शब्द बोलला असता तर शोधावं लागलं नसतं. मी पहिलीत होते, काका. मी बारावीत गेले."

तू गेल्यापासून ती रडली नव्हती, असं वहिनींनी मला सांगितलं होतं. ती तेव्हा रडली.

मी वहिनींकडे बघितलं. मला वाटलं होतं त्या मला बोलतील. त्यांच्या हातात तुझा शर्ट होता, तो त्यांनी उलगडला आणि पुन्हा घडी घातला.

"मी त्यायलेच बोलत होती, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमची घाई नडली म्हणून. एक दिवस नाई, वर्षंन्‌वर्षं. कोणाची बढती झाली का बोलायची. पोरीच्या देखत बोलायची. ते आयकून घेत. एकदाही म्हणाले नाई का माही चूक नव्हती."

त्यांनी शर्ट मांडीवर ठेवला.

"आता कोणापाशी माफी मागू मी?" वहिनी म्हणाल्या. "तुमच्या पायी मले त्यायची गुन्हेगार केलं तुमी."

हे मला ठाऊक नव्हतं, दादा. बाहेरचे तुला काय म्हणतात ते ठाऊक होतं. तुझ्या घरात, तुझ्या ताटासमोर, ज्या बाईवर तुझा एवढा जीव तिच्या तोंडून तू हे ऐकत होतास, आणि एक नाव घेतलं असतंस तर ते थांबलं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. तू मला वाचवत होतास असं मी इतकी वर्षं धरून चाललो. तू मला कशाच्या बदल्यात वाचवत होतास, ते त्या दुपारी कळलं. मी तुझ्या जागी असतो तर वाचवलं नसतं. आणि खरं सांगू, तू तसं करायला नको होतंस. आपल्या दोघांत भांडण राहिलं असेल तर हेच एक. वहिनींना सांगायला हवं होतंस. त्यांच्यावरही तू अन्याय केलास, माझ्यापायी. हे तुला समोर म्हणायला मला आवडलं असतं. आणि तू त्यावर काय म्हणाला असतास, ते मला माहीत नाही.

निघताना रश्मी फाटकापर्यंत आली. डोळे कोरडे झाले होते. म्हणाली, "आम्हाला सांगितलंत ते ठीक. पण बाबांना चुकलेलं म्हटलं गेलं ते सभेत. तुम्हीही चारचौघांतच सांगा."

म्हणून हे. त्या सभेत ज्यांनी माना हलवल्या त्या सर्वांनी वाचावं. माझ्या भावानं त्या चाचणीत घाई केली नव्हती. दुसऱ्या ओळीला मी लपून चुणी घातली होती, आणि त्यानं स्वच्छ विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं होतं. सभेत बोललेल्या तुझ्या सहकाऱ्यांना मी फोन केला. ते म्हणाले, "तरीच. त्याच्या हातून तसं होणं मला कधी पटलं नव्हतं." त्यांचा आवाज हलका झालेला मला ऐकू आला. निदान एका माणसाला तू पुरता परत मिळालास.

वहिनी मात्र फोन उचलत नाहीत. सुनीता म्हणते, थोडे दिवस जाऊ द्या. रश्मी म्हणते, आईला वेळ लागेल. मला घाई नाही. हा अंक छापून आला की तो घेऊन मी सिंदी मेघेला जाणार आहे. दार त्या उघडतील, मला खात्री आहे; पुढचं माहीत नाही. मला सुनावायचं त्यांच्याकडे पुष्कळ साचलं असेल आणि त्यांनी ते बोलावं, पोरीच्या देखत, शेजाऱ्यांच्या देखत, किती का दिवस चालेना.

माझ्या वाट्याचं बोलणं इतकी वर्षं तू ऐकून घेतलंस, दादा. तुझे उपकार आहेत. उरलेलं ऐकायला मी जातो आहे.